इंग्रजी क्रियापदांपासून आणि विशेषणांपासून नाम: सूत्र कितपत चालते आणि पुढे काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या कार्यालयात नोकरी आणि संध्याकाळी बँकेच्या परीक्षेची तयारी, असे प्रश्नकर्त्याचे चालले आहे. ग्राहकाला पाठवायच्या इंग्रजी पत्रात ‘अराइव्हमेंट’, ‘अ‍ॅक्युरेटनेस’ आणि ‘अपडेशन’ असे तीन शब्द गेले आणि साहेबांनी तिन्हींखाली लाल रेघ ओढली. क्लासमध्ये मिळालेली क्रियापद आणि नाम यांची लांबलचक यादी पाठ आहे, तरी ऐन वेळी कोणता प्रत्यय लावायचा हे आठवत नाही. कुठे ‘शन’, कुठे ‘मेंट’, कुठे ‘नेस’ आणि कुठे ‘इटी’ लागते याचे एखादे सूत्र आहे का, आणि अभ्यास कसा करावा, असे विचारले आहे.

मी कोल्हापुरात बरीच वर्षे इंग्रजी लेखन शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही महाविद्यालयातले असतात, पण पुष्कळसे उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कार्यालयांतून कामानंतर येतात. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. सगळ्या शब्दांना लागू पडेल असे एक सूत्र नाही. मात्र म्हणून सगळे पाठांतरावरच सोडावे अशीही स्थिती नाही. मूळ शब्दाचा शेवट कसा आहे आणि तो शब्द इंग्रजीत कोणत्या भाषेतून आला आहे, या दोन गोष्टी पाहण्याची सवय लागली, तर बहुतेक नामे आपोआप सुचतात. उरलेली थोडी पाठच करावी लागतात. शिवाय माझ्या अनुभवात खरी अडचण प्रत्ययाशी संपत नाही. नाम बरोबर आले तरी त्याच्याभोवतीचे वाक्य जुन्या क्रियापदाच्याच घडणीचे राहते, आणि पत्र तिथे बिघडते. या दुसऱ्या भागाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण त्यावरही मी सविस्तर लिहिणार आहे.

आधी तुमच्या तीन शब्दांकडे पाहू, कारण तिन्ही चुका एका जातीच्या नाहीत. ‘अराइव्हमेंट’ असा शब्द इंग्रजीत नाही. नाम ‘अरायव्हल’ आहे. ‘अ‍ॅक्युरेटनेस’ मोठ्या शब्दकोशात सापडेल, परंतु लिहिताना कोणी तो वापरत नाही, सर्वत्र ‘अ‍ॅक्युरसी’ लिहितात. ‘अपडेशन’ आपल्याकडच्या कार्यालयांत राजरोस चालते, पण भारताबाहेरच्या ग्राहकाला ते खटकेल. म्हणजे पहिला शब्द चूक, दुसरा अनोळखी आणि तिसरा स्थानिक. पत्र कोणाकडे जाणार आहे यावर यातले किती सोडून द्यायचे ते अवलंबून आहे. परीक्षेसाठी तिन्ही बदला. जर्मनीला जाणाऱ्या पत्रातही तिन्ही बदला. हुपरीच्या किंवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला ‘अपडेशन’ लिहिले तर काही बिघडत नाही, पण हाताला सवय एकच असलेली बरी.

आता ही विविधता आली कोठून? इंग्रजी मुळात जर्मानिक कुळातील भाषा आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दरबाराची व न्यायालयाची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली. धर्म आणि विद्या यांच्या क्षेत्रात लॅटिन तर आधीपासूनच होती. या दोन भाषांतून हजारो शब्द इंग्रजीत आले आणि येताना आपापले प्रत्ययही घेऊन आले. ‘नेस’, ‘डम’, ‘हूड’, ‘शिप’ आणि ‘थ’ हे जुन्या इंग्रजीचे प्रत्यय आहेत. ‘मेंट’, ‘एज’ आणि ‘अन्स’ फ्रेंच वाटेने आले. ‘शन’ आणि ‘इटी’ यांचे मूळ लॅटिनमध्ये आहे.

हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण मराठी माणूस हेच रोज करतो. मराठमोळ्या शब्दांना आपण ‘पणा’, ‘वा’, ‘ई’ लावतो: मोठा, मोठेपणा; ओला, ओलावा; उंच, उंची. संस्कृतातून आलेल्या शब्दांना ‘ता’ लावतो किंवा आतला स्वर बदलतो: नम्र, नम्रता, शूर, शौर्य. फारसीच्या वाटेने आलेल्या शब्दांचे ‘खराबी’, ‘गुलामगिरी’ असे होते. ‘मोठता’ किंवा ‘नम्रवा’ असे लहान मूलही म्हणत नाही, आणि हे कोणी यादी देऊन शिकवलेले नसते. उसाची लागण आणि भाताची लावणी यांत आपल्याकडचा शेतकरी गल्लत करत नाही, ती तरी कोणत्या नियमाने? मराठीतला ‘पणा’ बहुतेक कुठेही लावता येतो, पण ‘शौर्य’ उपलब्ध असताना ‘शूरपणा’ म्हटले तर ऐकणारा किंचित थबकतो. ‘अ‍ॅक्युरेटनेस’ने तुमच्या साहेबांचे नेमके तेच झाले.

क्रियापदांपासून सुरुवात करू, कारण तिथे शेवट पाहून अंदाज करणे सर्वांत चांगले साधते. लॅटिन मूळ असलेली क्रियापदे काही ठरावीक शेवटांची असतात आणि एका शेवटाची क्रियापदे बहुधा एकाच तऱ्हेने वागतात. ज्यांच्या शेवटी सी-टी ही अक्षरे येतात त्यांना सरळ ‘शन’ लागतो: रिजेक्ट, रिजेक्शन, इन्स्पेक्ट, इन्स्पेक्शन, कलेक्ट, कलेक्शन, बँकेतले ट्रान्झॅक्शनही याच रांगेतले. ‘एक्स्पेक्ट’ मात्र ‘एक्स्पेक्टेशन’ होते, हा अपवाद लक्षात ठेवा. शेवटी डी-ई असेल तर डी जाऊन एस येतो: डिसाइडचे डिसिजन, डिव्हाइडचे डिव्हिजन, कन्क्लूडचे कन्क्लूजन. एन-डी असलेल्या एक्स्टेंड, एक्स्पांड, सस्पेंड यांचेही एक्स्टेन्शन, एक्स्पान्शन, सस्पेन्शन होते, परंतु ‘रेकमेंड’ आणि ‘अमेंड’ वेगळ्या वाटेने रेकमेंडेशन आणि अमेंडमेंट होतात. ‘मिट’ने संपणाऱ्यांचे ‘मिशन’ होते: अ‍ॅडमिशन, परमिशन, सबमिशन. ‘सीव्ह’चे ‘सेप्शन’ होते: रिसेप्शन, परसेप्शन, डिसेप्शन. ‘स्क्राइब’चे ‘स्क्रिप्शन’, ‘ड्यूस’चे ‘डक्शन’ आणि ‘स्यूम’चे ‘सम्प्शन’ होते. प्रिस्क्रिप्शन, रिडक्शन आणि कन्सम्प्शन ही त्यांची रोजच्या वापरातली उदाहरणे आहेत. ‘फाय’ने संपणाऱ्यांचे ‘फिकेशन’ होते, म्हणून सर्टिफिकेशन आणि क्लासिफिकेशन. सॅटिस्फायचे मात्र सॅटिस्फॅक्शन होते, आणि परीक्षेत नेमके तेच विचारतात.

यात स्पेलिंगचा एक खोडकर कोपरा आहे. ‘एक्स्प्लेन’मधले आय हे अक्षर नामात गळते. ‘एक्स्क्लेम’ आणि ‘प्रोक्लेम’मधलेही गळते. ‘प्रोनाउन्स’चे नाम होताना यूच्या आधीचा ओ जातो आणि यू राहतो, म्हणून उच्चारही ‘प्रोनाउन्सिएशन’ न होता ‘प्रोनन्सिएशन’ होतो. हा शब्द चुकीचा उच्चारून त्याच विषयावर व्याख्यान देणारे मी पाहिले आहेत.

शेवटी ए-टी-ई असलेल्या क्रियापदांचा नियम सर्वांत भरवशाचा: ऑपरेट, ऑपरेशन, ट्रान्सलेट, ट्रान्सलेशन, कॅल्क्युलेट, कॅल्क्युलेशन. तुमचे ‘अपडेशन’ याच नियमाच्या अतिउत्साहातून जन्मले आहे. ‘अपडेट’मधला शेवट हा प्रत्यय नसून ‘डेट’ या स्वतंत्र शब्दाचा भाग आहे आणि त्याला पुढे ‘अप’ जोडलेला आहे. म्हणून त्याचे नाम ‘अपडेट’ किंवा ‘अपडेटिंग’. ‘अपग्रेडेशन’चीही हीच कथा आहे, बाहेर ‘अपग्रेड’ हेच नाम चालते. एखादा शेवट प्रत्यय आहे की मूळ शब्दाचाच तुकडा आहे, हे एकदा तपासले की अशा शब्दांची अडचण राहत नाही.

‘मेंट’ कोणाला लागते याचा इतका नेटका नियम मला देता येत नाही. पे, अ‍ॅग्री, ट्रीट, मूव्ह, डेव्हलप, इन्व्हेस्ट ही क्रियापदे त्याची. त्यांची ओळख वापरातूनच होते. एवढे सांगतो की ‘मेंट’ लागताना मूळ क्रियापद बहुधा जसेच्या तसे राहते, आतली अक्षरे बदलत नाहीत. ‘आर्ग्यू’चा शेवटचा ई गळतो, हा अपवाद. ‘अल’ या प्रत्ययाला मात्र एक सुंदर अट आहे आणि ती फार कमी क्लासमध्ये सांगतात. हा प्रत्यय ज्या क्रियापदाचा जोर उच्चारताना शेवटच्या अवयवावर, म्हणजे शेवटच्या उच्चारखंडावर, पडतो त्यालाच सहसा लागतो. अराइव्ह, अप्रूव्ह, रिफ्यूज, डिनाय, रिन्यू, विथड्रॉ, डिस्पोज ही क्रियापदे म्हणून पाहा, सगळ्यांत जोर शेवटी आहे. त्यांची नामे अरायव्हल, अप्रूव्हल, रिफ्यूजल, डिनायल, रिन्यूअल, विथड्रॉअल, डिस्पोजल. याउलट ‘डेव्हलप’, ‘पनिश’, ‘गव्हर्न’ यांचा जोर शेवटी नाही, म्हणून तिथे ‘अल’चा प्रश्नच उद्भवत नाही. ‘बरी’चे ‘बरियल’ हा अपवाद आहे. ही अट उलटी चालवू नका: शेवटी जोर आहे म्हणून ‘अल’ लागेलच असे नाही. पण ‘मेंट’ की ‘अल’ असा संभ्रम पडला तर ती उपयोगी पडते.

बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्याने पासबुकाकडे जरा व्याकरणाच्या नजरेने पाहावे. पेमेंट, विथड्रॉअल, रिन्यूअल, रेमिटन्स, इन्शुरन्स, ट्रान्झॅक्शन, ओव्हरड्राफ्ट, लेंडिंग, बॉरोइंग हे सगळे क्रियापदांपासून झालेले शब्द एका पुस्तिकेभोवती भेटतात आणि त्यांचे मार्ग निराळे आहेत. लेंड आणि बॉरो ही जुनी इंग्रजी क्रियापदे. त्यांना लॅटिन प्रत्यय सोसत नाहीत म्हणून ‘इंग’वर भागते. तुमच्या फाउंड्रीतले कास्टिंग, मेल्टिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग हेही त्याच वर्गातले. काहीच सुचले नाही तर ‘इंग’ लावलेले रूप व्याकरणाने चूक ठरत नाही, ही मोठी सोय आहे. फक्त दुसरे रूढ नाम असेल तर ते वापरावे. ‘डिसायडिंग’ हे कृतीचे नाव झाले; ठरलेल्या गोष्टीला ‘डिसिजन’च म्हणावे लागते.

काही क्रियापदांना काहीच लागत नाही. डिले, डिस्पॅच, रिझल्ट, आन्सर, डिमांड हे क्रियापदही आहेत आणि नामही. त्यातल्या काहींत केवळ जोराची जागा हलते. रेकॉर्ड, एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, प्रोजेक्ट, परमिट या शब्दांत नाम असताना जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर पडतो. लिहिताना फरक पडत नाही, मुलाखतीत पडतो. ‘अ‍ॅडव्हाइज’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ यांत मात्र लिहितानाही पडतो: क्रियापदात एस, नामात सी. ‘चूज’चे ‘चॉइस’, ‘लूज’चे ‘लॉस’, ‘प्रूव्ह’चे ‘प्रूफ’, ‘ग्रो’चे ‘ग्रोथ’, ‘फेल’चे ‘फेल्युअर’, ‘नो’चे ‘नॉलेज’ असे आणखी काही शब्द आहेत. ते इतके रोजचे आहेत की नियम शोधण्यापेक्षा वाचण्यातून लवकर बसतात, त्यामुळे त्यांच्यावर मी वर्गात फार वेळ घालवत नाही.

विशेषणांचा प्रश्न मुख्यतः ‘नेस’ आणि ‘इटी’ यांच्यातला आहे, आणि त्यासाठी तुमच्या कार्यालयातच उत्तम पाठ्यपुस्तक पडलेले असते: कास्टिंगचा तपासणी अहवाल. त्यात हार्डनेस असते, रफनेस असते, फ्लॅटनेस असते, कधी ब्रिटलनेसचा उल्लेख येतो. त्याच कागदावर पोरॉसिटी, डक्टिलिटी आणि मशीनेबिलिटीही असते. हार्ड, रफ, फ्लॅट, ब्रिटल ही विशेषणे जर्मानिक मुळाची, छोटी, रोजची. त्यांना ‘नेस’ लागला. पोरस आणि डक्टाइल हे शब्द फ्रेंच-लॅटिन वाटेने आलेले, त्यांना ‘इटी’ लागला. ‘मशीनेबल’मध्ये ‘एबल’ हा शेवट आहे आणि तो असला की नाम ‘बिलिटी’ने संपते: अव्हेलेबिलिटी, रिलायबिलिटी, रिस्पॉन्सिबिलिटी. त्याच अहवालातले ‘टेन्साइल स्ट्रेंग्थ’ आठवा. ‘स्ट्राँग’चे ‘स्ट्राँगनेस’ झाले नाही, कारण लाँग, वाइड, डीप, ब्रॉड, वॉर्म यांच्याप्रमाणे त्यालाही जुना ‘थ’ प्रत्यय लागला आणि काहींत आतला स्वर बदलला. आपल्या ‘शूर’चे ‘शौर्य’ होताना आतला स्वर हलतो, तशातलाच हा प्रकार.

‘इटी’ घेणारे शेवट ओळखणे अवघड नाही. ‘एबल’ व ‘इबल’, ‘अल’, ‘इक’, ‘आर’, ‘आइल’ आणि ‘इड’ हे शेवट दिसले की आधी ‘इटी’ आठवावे: फॉर्मॅलिटी, टॉक्सिसिटी, सिमिलॅरिटी, मोबिलिटी, ह्युमिडिटी. उच्चारताना जोर ‘इटी’च्या लगेच आधीच्या अवयवावर सरकतो, म्हणूनच ‘एबल’ आणि ‘अबिलिटी’ ऐकायला इतके निराळे वाटतात. ‘फुल’, ‘लेस’, ‘इश’, ‘ई-डी’ आणि ‘इंग’ या शेवटांना मात्र ‘नेस’च लागतो: यूसफुलनेस, केअरलेसनेस, सेल्फिशनेस, टायर्डनेस, विलिंगनेस. ‘इव्ह’ आणि ‘अस’ हे शेवट दोन्हीकडे झुकतात. प्रॉडक्टिव्हिटी आणि सेन्सिटिव्हिटी म्हणतात, पण इफेक्टिव्हनेस. क्युरिऑसिटी आणि जनरॉसिटी म्हणतात, पण नर्व्हसनेस आणि सिरियसनेस. इथे शब्दकोश उघडावा. खरोखरच अडलात आणि वेळ नसेल तर ‘नेस’ लावावा. तो मराठीतल्या ‘पणा’सारखा सहनशील आहे, कानाला खटकला तरी अर्थ पोहोचवतो.

तुमच्या ‘अ‍ॅक्युरेट’चा नियमही सांगून टाकतो. ए-टी-ई हा शेवट क्रियापदात असेल तर ‘एशन’, आणि विशेषणात असेल तर बहुधा ‘असी’: अ‍ॅक्युरसी, प्रायव्हसी, लिटरसी, अ‍ॅडिक्वसी. ‘डेस्परेट’ आणि ‘मॉडरेट’ हे विशेषण असूनही डेस्परेशन आणि मॉडरेशन होतात. शेवटी ई-एन-टी असलेल्या विशेषणांचे कधी ‘अन्स’ होते, कधी ‘अन्सी’: डिफरन्स आणि अ‍ॅब्सेन्स एकीकडे, एफिशियन्सी आणि अर्जन्सी दुसरीकडे. यात कोणते कुठे जाते हे सांगणारा नियम नाही, पण एक गोष्ट पक्की आहे. विशेषणात ए-एन-टी असेल तर नामातही ए राहतो आणि ई-एन-टी असेल तर ई राहतो. स्पेलिंगच्या निम्म्या शंका एवढ्याने मिटतात.

आणखी एक फसवी जागा आहे. काही विशेषणे स्वतःच नामापासून तयार झालेली असतात. ‘डेंजरस’, ‘फेमस’, ‘सक्सेसफुल’, ‘हंग्री’, ‘अँग्री’ यांचे नाम करा म्हटले की विद्यार्थी ‘डेंजरसनेस’, ‘सक्सेसफुलनेस’ असे पुढे बांधकाम करतात, खरे तर एक पायरी मागे जायचे असते: डेंजर, फेम, सक्सेस, हंगर, अँगर. प्रत्यय लावण्यापूर्वी या शब्दाच्या पोटात आधीच एखादे नाम बसले आहे का, हे पाहून घ्यावे.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: आधी शब्दाच्या पोटात नाम आहे का ते पाहा, मग शेवट पाहा, मग तो शब्द साधा घरगुती आहे की लॅटिन थाटाचा आहे ते पाहा, आणि तरीही अडलात तर क्रियापदाला ‘इंग’ व विशेषणाला ‘नेस’ लावून पुढे जा. पत्र पाठवण्यापूर्वी मात्र शब्दकोशात पडताळा.

यापुढचा भाग माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. एका शब्दाची दोन-दोन नामे असतात आणि त्यांचे अर्थ फुटलेले असतात. मराठीतही ‘गोडवा’ उसाच्या रसाला असतो आणि ‘गोडी’ वाचनाची लागते. मूळ शब्द ‘गोड’ एकच. त्याचप्रमाणे ‘हार्ड’चे ‘हार्डनेस’ म्हणजे धातूचा कठीणपणा आणि ‘हार्डशिप’ म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेले हाल. ‘ऑब्झर्व्ह’चे ‘ऑब्झर्व्हेशन’ म्हणजे निरीक्षण आणि ‘ऑब्झर्व्हन्स’ म्हणजे नियमाचे वा व्रताचे पालन. ‘रेमिट’चे ‘रेमिटन्स’ म्हणजे पाठवलेली रक्कम आणि ‘रेमिशन’ म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट. ‘रिसीव्ह’चे ‘रिसीट’ म्हणजे पावती आणि ‘रिसेप्शन’ म्हणजे स्वागत. कधी नुसत्या अनेकवचनानेही अर्थ बदलतो. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान. त्याला एस लावून ‘डॅमेजेस’ लिहिले की कायद्याच्या भाषेत नुकसानभरपाईची रक्कम असा अर्थ होतो. फाउंड्रीच्या पत्रात ‘काही डॅमेजेस आढळले’ असे लिहिणाऱ्याने हा फरक जरूर ध्यानात ठेवावा. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘मशिनरी’ आणि ‘इक्विपमेंट’ या नामांना तर अनेकवचनाचा एस लागतच नाही.

नाम एकटे येत नाही, लग्नातल्या वऱ्हाडासारखे आपली माणसे घेऊन येते. क्रियापदाला थेट कर्म चालते, नामाला मध्ये शब्दयोगी अव्यय लागते. ‘डिस्कस’ या क्रियापदानंतर ‘अबाउट’ येत नाही, पण ‘डिस्कशन’नंतर येते. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर ‘फॉर’ नको. नाम असेल तर हवे. ‘लॅक’ क्रियापदाला ‘ऑफ’ नको, नामाला हवे. ‘आन्सर’ क्रियापदाला ‘टू’ नको, नामाला हवे. आपल्याकडच्या पत्रांत ‘वी डिस्कस्ड अबाउट द रिजेक्शन’ आणि ‘वी रिक्वेस्टेड फॉर अ रिप्लाय’ ही वाक्ये सर्रास दिसतात. नामासोबतचे अव्यय तिथे क्रियापदाला चिकटले आहे, एवढाच त्यातला दोष. क्रियापदाजवळचे क्रियाविशेषणही नामाजवळ येताना विशेषण होते.

हे सगळे एका वाक्यात पाहू. तुमच्या कामातलेच वाक्य घेतो: ‘द मशीन स्टॉप्ड सडनली, सो प्रॉडक्शन फेल शार्पली.’ याचे नामरूप करायचे आहे. ‘स्टॉप’चे नाम ‘स्टॉपेज’; ‘सडनली’चे ‘सडन’ होऊन ते आधी गेले; मशीन ‘ऑफ’ने जोडले; ‘फेल’ हे इथे ‘फॉल’चे भूतकाळाचे रूप आहे, त्याचे नाम ‘फॉल’; ‘शार्पली’चे ‘शार्प’; आणि प्रॉडक्शन ‘इन’ने जोडले. वाक्य झाले: ‘द सडन स्टॉपेज ऑफ द मशीन कॉज्ड अ शार्प फॉल इन प्रॉडक्शन.’ दोन क्रियापदांची दोन नामे झाल्यावर वाक्याला स्वतःचे क्रियापद उरले नाही, म्हणून ‘कॉज्ड’ आणावे लागले. अधोरेखित शब्दाचे नाम वापरून वाक्य पुन्हा लिहा, असा जो प्रश्न परीक्षेत येतो त्यात गुण जातात ते बहुधा याच जागी. प्रत्यय बरोबर असतो, पण क्रियाविशेषण तसेच राहते, अव्यय राहून जाते किंवा वाक्याला क्रियापदच नसते.

मराठी माणसाला इथे आणखी एक सवय नडते. आपण ‘मदत करणे’, ‘चर्चा करणे’, ‘निर्णय घेणे’, ‘लक्ष देणे’ असे नामाला क्रियापद जोडून बोलतो आणि तीच जोडी इंग्रजीत नेतो. मग ‘डू हेल्प’, ‘डू डिस्कशन’, ‘गिव्ह अटेन्शन’ अशी रचना होते. इंग्रजीत प्रत्येक नामाचे सोबती क्रियापद ठरलेले आहे: डिसिजन ‘मेक’ करतात किंवा ‘टेक’ करतात, अटेन्शन ‘पे’ करतात, डिस्कशन ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’ करतात, कम्प्लेन्ट ‘मेक’ करतात किंवा ‘फाइल’ करतात. म्हणून नाम शिकताना ते सुटे शिकू नये. ‘अटेन्शन’ असे न लिहिता वहीत ‘पे अटेन्शन टू’ असे लिहावे, म्हणजे क्रियापद, नाम आणि अव्यय एकदम हाताशी राहतात.

मग नाम करावेच का, हाही प्रश्न रास्त आहे. परीक्षेत सांगितले असेल तर करावे. अहवालात, शीर्षकात, कोष्टकाच्या रकान्यात नामाला पर्याय नाही. ‘डेट ऑफ इन्स्पेक्शन’ला तुम्ही दुसरे काय लिहिणार? आधीच्या वाक्यातली सगळी घटना पुढच्या वाक्यात एका शब्दात पकडायची असेल, तेव्हाही नाम फार उपयोगी पडते: ‘द कस्टमर रिजेक्टेड द लॉट. द रिजेक्शन...’ असे पुढे सहज जाता येते. पण पत्रात काय घडले आणि कोणी केले हे सांगायचे असेल तर क्रियापदच ठेवावे. ‘वी इन्स्पेक्टेड द लॉट’ हे वाक्य ‘इन्स्पेक्शन ऑफ द लॉट वॉज डन बाय अस’ यापेक्षा छोटे आहे, स्पष्ट आहे आणि त्यात अव्यय चुकण्याची जागाही नाही. सरकारी मराठीतल्या ‘कार्यवाही करण्यात यावी’ या वळणाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की इंग्रजीतही नामांची रास लावली म्हणजे पत्र वजनदार होते असे वाटते. ग्राहकाला मात्र माल कधी निघाला एवढेच हवे असते.

अभ्यासाची पद्धत शेवटी विचारली आहे, तर माझा सल्ला असा. क्लासची वर्णानुक्रमे लावलेली यादी बाजूला ठेवा आणि शेवटानुसार स्वतःची वही करा. एका पानावर ‘मिट’वाले, एका पानावर ‘सीव्ह’वाले, एका पानावर ‘अल’ घेणारे, एका पानावर दोन नामे असलेले, आणि मागच्या पानांवर कोणत्याच रांगेत न बसणारे. नवा शब्द भेटला की तो कोणत्या पानावर जाईल हे ठरवण्यातच निम्मा अभ्यास होतो. प्रत्येक नामासमोर त्याचे सोबती क्रियापद आणि अव्यय लिहा, आणि शक्य असेल तिथे तुमच्या कामातले एक छोटे वाक्य. शब्दकोश विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजीच घ्या. त्यात नाम गणनीय आहे की अगणनीय हे खुणेने दिलेले असते आणि उदाहरणांतून अव्ययही कळते. इंग्रजी–मराठी कोशात अर्थ मिळतो, पण या दोन गोष्टी सहसा मिळत नाहीत.

आणि ते परत आलेले पत्र पाठवायचे राहिले असेल, तर ‘अरायव्हल’, ‘अ‍ॅक्युरसी’ आणि ‘अपडेट’ असे बदल करून पाठवा. ‘अरायव्हल’नंतर ‘ऑफ द मटेरियल’ आणि ‘अपडेट’नंतर ‘ऑन द ऑर्डर’ येईल, तेवढे मात्र तपासून घ्या.